महाराणी लक्ष्मीबाई : चित्रातल्या आणि चरित्रातल्या

आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांत एके काळी महाराणी लक्ष्मीबाईंची तसबीर असे. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा, उगारलेली तलवार, मस्तकी पागोटे, आणि पाठीशी शेल्याने घट्ट बांधलेले एक गोजिरवाणे तान्हे मूल. आमच्या घरी ती माजघरात होती. वाण्याकडून मिळालेल्या कॅलेंडरावरचे चित्र कापून वडिलांनी ते काचेत बसवून घेतले होते. तांबे आणि नेवाळकर ही दोन्ही घराणी कऱ्हाडे. त्यामुळे त्या तसबिरीकडे पाहताना वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवर आप्तेष्टांविषयीचा अभिमान उमटे. तोच अभिमान उराशी घेऊन आम्ही वाढलो, आणि पुढे शिक्षकी पेशा पत्करल्यावर वर्षानुवर्षे मुलांना तोच शिकविला.

एका वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही राणीसाहेबांच्या जीवनावर एक प्रवेश बसवीत होतो. राणीचे काम सहावीतील एका मुलीकडे होते. पाठीस बांधावयाची कापडी बाहुली तिच्या हाती दिली, तेव्हा तिने एक शंका काढली. दत्तकविधान १८५३ साली झाले, त्या वेळी मूल पाच वर्षांचे होते असे आपणच शिकविलेत, आणि झाशी पडली ती १८५८ साली; मग हे मूल एवढेसे कसे राहिले, असा तिचा प्रश्न होता. आम्ही घड्याळाकडे बोट दाखविले आणि बाहुली बांधावयास सांगितले. प्रवेश उत्तम झाला, टाळ्याही पुष्कळ पडल्या. प्रश्न मात्र तसाच राहिला. सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली प्रसिद्ध केलेले राणीसाहेबांचे चरित्र आणि वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' आम्ही पुन्हा सावकाश वाचला. त्या वाचनातून जे हाती लागले ते ज्ञातिबांधव आणि भगिनी यांच्यापुढे ठेवीत आहो.

राणीसाहेबांचे वडील मोरोपंत तांबे मूळचे वाईकडील. शेवटच्या बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजीअप्पा काशीस राहिले, त्यांच्या पदरी मोरोपंत होते. तेथेच भागीरथीबाईंच्या पोटी मनकर्णिकेचा जन्म झाला. जन्मसालाबाबत एकमत नाही. पारसनीस १८३५ मानतात, इतर कित्येक १८२८ धरतात. आई लवकर निवर्तली आणि मुलगी वडिलांबरोबर ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, बाजीरावांच्या आश्रयास वाढली. नानासाहेब पेशव्यांशी तिची लहानपणची जोडी कथाकादंबऱ्यांत फार रंगविली जाते. नानासाहेब १८२४ चे, तेव्हा दोहोंपैकी कोणतेही साल खरे धरले तरी ते वयाने बरेच वडील होत. त्या वाड्यात मुलगी घोड्यावर बसावयास शिकली हे खरेच. पण ती लिहावयास-वाचावयासही शिकली, ही गोष्ट चित्रकारांच्या उपयोगाची नसल्यामुळे मागे पडली. पुढे सारे आयुष्यभर तिच्या अधिक कामी आले ते हेच दुसरे शिक्षण, असे आम्हांस वाटते.

१८४२ साली झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी विवाह झाला आणि मनूची लक्ष्मीबाई झाली. हे गंगाधरराव मोठे विलक्षण गृहस्थ. संस्कृत पोथ्यांचा संग्रह, नाटकांचा नाद, आणि स्वभावाने कडक. त्यांच्याविषयी गोडसे भटजींनी झाशीत जे ऐकले ते तसेच लिहून ठेवले आहे. राजे अधूनमधून वाड्याच्या वरच्या मजल्यावर जाऊन स्त्रीवेष धारण करीत, बांगड्या भरीत, आणि स्त्रियांप्रमाणे चार दिवस बाजूलाही बसत. इंग्रज अधिकाऱ्याने कारण विचारले तेव्हा, इंग्रजांनी साऱ्या राजेरजवाड्यांच्या हाती बांगड्याच भरल्या आहेत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले म्हणतात. ही हकीकत कितपत खरी, हा निर्णय आम्ही करीत नाही. परंतु ती लिहिणारा मनुष्य सोवळ्याओवळ्यातला वैदिक ब्राह्मण होता आणि त्याने ती लिहिताना हात आखडला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढच्या काळातल्या नाटककारांना आणि चित्रपटवाल्यांना मात्र असा राजा परवडणारा नव्हता. वीर स्त्रीला नवरा शोभेसा हवा, म्हणून त्यांनी तो बदलून घेतला.

१८५१ साली पुत्र झाला, तो थोड्याच महिन्यांत गेला. गंगाधरराव खचले. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांचे देहावसान झाले. आदल्याच दिवशी नेवाळकर कुळातील वासुदेवरावांचा पाच वर्षांचा मुलगा आनंदराव यास, इंग्रज अधिकाऱ्यांसमक्ष, दत्तक घेऊन दामोदरराव हे नाव ठेविले होते. लॉर्ड डलहौसीने हे दत्तक राज्यापुरते अमान्य ठरविले आणि १८५४ च्या मार्चमध्ये झाशी खालसा झाली. राणीसाहेबांस दरमहा पाच हजार रुपयांचे वेतन आणि शहरातील वाडा एवढेच राहिले.

येथून पुढची तीन वर्षे चित्रपटात दोन मिनिटांत संपतात. आमच्या मते चरित्राचा गाभा येथेच आहे. पंचविशीच्या आसपासची, किंवा पारसनिसांचे साल धरल्यास विशीच्याही आतली, एक विधवा गव्हर्नर जनरलास खलित्यांमागून खलिते पाठविते. त्यांत अश्रू नाहीत, मुद्दे आहेत. १८१७ च्या तहात वंशपरंपरेचा शब्द काय अर्थाने आला, शास्त्रात औरस आणि दत्तक यांत भेद आहे की नाही, शेजारच्या ओर्छा आणि दतिया या संस्थानांत दत्तक मान्य केले ते कोणत्या न्यायाने, अशी एकामागून एक कलमे. शाळेत निबंध तपासण्यात आमची हयात गेली. एवढी नेटकी मांडणी फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळाली.

अर्ज फेटाळले गेले, तरी बाईसाहेब स्वस्थ बसल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात जन्मलेले जॉन लँग नावाचे एक वकील तेव्हा उत्तर हिंदुस्थानात होते. कंपनीविरुद्ध एका मोठ्या ठेकेदाराचा खटला जिंकून त्यांनी नाव मिळविले होते. बाईसाहेबांनी त्यांना फारशी पत्र पाठवून आग्र्याहून झाशीस बोलाविले. भेट रात्री झाली, ती मध्यरात्र उलटून गेल्यावर संपली. मधे पडदा होता. बोलता बोलता लहानग्या दामोदररावांनी तो बाजूस सारला आणि लँग साहेबांना ओझरते दर्शन घडले. हे अनवधानाने झाले की मुद्दाम, याची शंका त्यांना स्वतःलाही होती. साधे शुभ्र वस्त्र आणि कानांत तेवढे सोने, असे वर्णन त्यांनी केले आहे. दाद लागेपर्यंत निषेध नोंदवून वेतन घेत राहावे, असा सल्ला त्यांनी दिला. तेव्हा आपली झाशी आपण देणार नाही, असे बाईसाहेब म्हणाल्या.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हे वाक्य आपण सर्वांनी नाटकांत आणि पडद्यावर ऐकले आहे. दरबार भरलेला, तलवार उपसलेली, आणि समोर इंग्रज अधिकारी भयाने थिजलेला. ज्याच्या लेखणीतून ते वाक्य आपल्यापर्यंत आले त्याने ते ऐकले ते पडद्याआडून, रात्रीच्या शांततेत, अर्जाचा मसुदा कसा करावा हे बोलत असता. आमच्यासारख्या म्हाताऱ्या शिक्षकाला तरी ते तेथेच अधिक धारदार वाटते.

आणखी एक प्रसंग आपल्या घरांतील मातांना सहज उमगेल. दामोदररावांची मुंज करावयाची होती. गंगाधररावांच्या खाजगी ठेव्यातील सहासात लाख रुपये मुलगा वयात येईपर्यंत म्हणून कंपनीने स्वतःकडे ठेवले होते. त्यातले एक लाख मुंजीसाठी द्यावेत, अशी बाईसाहेबांनी मागणी केली. पुढे मुलाने तक्रार केल्यास रक्कम भरून द्यावी लागेल, असे म्हणून सरकारने जामीन मागितले. मुलाच्या बापाचा पैसा, मुलाचीच मुंज, आणि आईला जामीन! तो दिला, आणि मुंज झाली. रणांगणावरच्या जखमा सर्वांस दिसतात, ही दिसत नाही.

१८५७ च्या जूनमध्ये झाशीच्या शिपायांनी उठाव केला. ८ जून रोजी जोखनबागेत साठांच्या आसपास युरोपीय स्त्री-पुरुष आणि मुले मारली गेली. ही घटना अमानुष होती आणि ती झाकून ठेवण्यात ज्ञातीचा काही मान नाही. राणीसाहेबांचा तीत हात होता असे इंग्रजांनी पुढे धरून चालले. तसा पुरावा आजवरच्या अभ्यासकांना मिळालेला नाही. लगेच १२ आणि १४ जून रोजी त्यांनी जबलपूरच्या कमिशनरास, अर्स्किन साहेबांस, सारी हकीकत कळविली, आणि त्यांनीही इंग्रज परत येईपर्यंत राज्यकारभार पाहावा असे लिहिले. म्हणजे पहिल्या दिवसापासून तलवार उपसून बसलेली राणी हीही चित्राचीच करामत. खरी राणी मार्ग शोधीत होती, पत्रे पाठवीत होती, शहर सांभाळीत होती. सदाशिवराव नेवाळकरांनी करेऱ्याचा किल्ला घेऊन स्वतःस राजा म्हणविले, त्यांचा बंदोबस्त केला. ओर्छाचा दिवाण नथेखान चालून आला, त्यास परतवून लावले. हे सर्व इंग्रजांच्या नावाने राज्य राखताना!

या दहा महिन्यांचा दिनक्रम गोडसे भटजींनी डोळ्यांनी पाहिला. पहाटे उठून मल्लखांब आणि घोड्याची रपेट. मग स्नान, शुभ्र वस्त्र, तुळशीची पूजा. केशवपन झालेले नव्हते म्हणून नित्य प्रायश्चित्तादाखल दान. दुपारनंतर कचेरी. तेव्हा वेष कधी पुरुषी, पायजमा, अंगरखा आणि डोईस टोपी किंवा फेटा, तर कधी नेहमीचे लुगडे. कागद ऐकून घेऊन हुकूम तोंडी सांगत, कित्येकदा स्वतःच्या हाताने लिहीत. दिवाणी, फौजदारी, दोन्ही निवाडे तेथेच होत. या वर्णनात आम्हांस एक गोष्ट फार आवडते. पुरुषी वेष आणि लुगडे यांत त्या बाईला काही विरोध वाटत नव्हता, आणि पाहणाऱ्या भटजींनाही वाटला नाही. ज्या दिवशी जे सोयीचे, ते त्या नेसत.

१८५८ च्या मार्चअखेर सर ह्यू रोजचा वेढा पडला. तोफांवर गौसखानासारखे गोलंदाज होते. तटावर दारूगोळा वाहताना, पडलेली भिंत सावरताना शहरातील बायका काम करीत, हे खुद्द शत्रूने नमूद केले आहे. तात्या टोपे मोठे सैन्य घेऊन मदतीस आले, त्यांचा १ एप्रिल रोजी बेतवाकाठी पराभव झाला. ३ तारखेस इंग्रज शहरात शिरले. पुढची कत्तल, लूट आणि गंगाधररावांच्या त्या पोथीशाळेचा नाश यांचे वर्णन भटजींच्याच शब्दांत प्रत्येकाने वाचावे. आमच्याने येथे ते संक्षेपाने होत नाही. मोरोपंत तांबे पकडले गेले आणि फाशी गेले.

४ एप्रिलच्या रात्री बाईसाहेब किल्ल्याबाहेर पडल्या. दामोदरराव पाठीशी रेशमी वस्त्राने बांधले होते, असे भटजी सांगतात. तेव्हा चित्राला आधार आहे. पण ते मूल आठनऊ वर्षांचे, मुंज झालेले होते. काल्पीपर्यंतची ती सुमारे शंभर मैलांची दौड, आणि पाठीवर एवढा मोठा मुलगा! स्त्रीदेहाला ज्या अडचणी येतात त्याही त्या दौडीत चुकल्या नाहीत, हे भटजी संकोच न धरता लिहितात. चित्रकाराने मुलाचे तान्हे केले आणि श्रम हलके करून टाकले. त्याने असे का केले असावे, याचा विचार करता आम्हांस वाटते की, हातात तलवार घेतलेली बाई पाहणाऱ्याला जरा जड जाते. पाठीवर तान्हे बाळ दाखविले की ती आई होते, आणि आईला सर्व क्षमा असते.

काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भटजींची आणि बाईसाहेबांची अकस्मात गाठ पडली. अंगावर पठाणी पोषाख, सर्वांग धुळीने माखलेले, मुद्रा म्लान. भटजी पाणी काढू लागले तर विद्वान ब्राह्मणाकडून ते काम नको म्हणून त्यांनी स्वतः दोर हाती घेतला. आपल्यासारख्या विधवेला अर्धा शेर तांदूळ पुरेसे होते, विधवेचा आचार सोडून या उद्योगात पडण्याचे कारण नव्हते, धर्माच्या अभिमानाने आपण यात उतरलो, अशा आशयाचे त्या बोलल्या. पागोटे घातलेल्या त्या बाईच्या मनात आपण विधवा आहो याचे भान केवढे जागे होते! आपण पुरुष झालो, असे तिने कोठेही म्हटलेले नाही.

पुढे मे महिन्यात कोंच आणि काल्पी येथे पराभव, १ जून रोजी ग्वाल्हेरवर ताबा, आणि त्या विजयानंतर इतर पुढाऱ्यांनी मेजवान्यांत दवडलेले मोलाचे दिवस. १७ जून रोजी कोटा की सराई येथे इंग्रज घोडदळाशी लढताना राणीसाहेब घायाळ होऊन गेल्या. कित्येक १८ जून मानतात. गंगादास बाबांच्या मठापाशी त्यांना अग्नी दिला गेला. त्या दिवशी दामोदरराव पाठीवर नव्हते. ते रामचंद्रराव देशमुखांच्या स्वाधीन होते. तरीही अखेरच्या लढाईच्या चित्रांतसुद्धा बाळ पाठीवर असतेच.

मृत्यूनंतर त्यांना नावे ठेवणारे आणि गौरविणारे, दोघांनीही त्यांना बाई म्हणून राहू दिले नाही. एका इंग्रज लष्करी वैद्याने बायबलातल्या जेझबेल नावाच्या दुष्ट राणीशी त्यांची तुलना केली. सर ह्यू रोजने स्तुती केली ती, बंडवाल्यांत खरा पुरुष म्हणावा तर तीच, अशा धर्तीची. सुभद्राकुमारी चौहान यांच्या हिंदी कवितेने खेडोपाडी राणी पोहोचविली, तेथेही विशेषण आले ते मर्दानी. १९५३ साली सोहराब मोदी यांनी मेहताब यांना घेऊन रंगीत चित्रपट काढला, २०१९ मध्ये कंगना राणावत यांचा 'मणिकर्णिका' आला, मधल्या काळात दूरदर्शन संचावर मालिका झाली. घोडा, तलवार आणि बाळ कोणालाच सोडवले नाहीत.

या चित्राचा उपकारही मान्य केला पाहिजे. १९४३ साली नेताजींनी सिंगापुरात राणी झाशी पलटण उभारली आणि कॅप्टन लक्ष्मी स्वामीनाथन यांच्या हाताखाली मलायातील रबराच्या मळ्यांतल्या तमिळ मुली बंदुका घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनी झाशी पाहिली नव्हती, खलिते वाचले नव्हते. चित्र मात्र त्यांना पुरले. झाशीच्या कोरी समाजाने झलकारीबाईंची कथा जतन केली आणि २००१ मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले. राणीच्या शेजारी आपलीही मुलगी उभी असावी, असे प्रत्येक समाजास वाटते. आपण तसबीर लावीत होतो ती याच भावनेने. पुण्यात राणीसाहेबांचा पुतळा उभा आहे तो बालगंधर्व रंगमंदिराच्या शेजारी. एका पुरुषाने लुगडे कसे नेसावे हे महाराष्ट्रातील कुलीन स्त्रियांस शिकविले, त्याच्या पलीकडे पागोटे बांधलेली ही बाई! तेथून जाताना आम्हांस गंगाधरराव आठवतात आणि हसू येते.

आता एक कबुली. आमच्या पत्नीच्या दीर्घ आजारात औषधपाणी, बँकेचे व्यवहार, विम्याचे कागद, भावकीतल्या जमिनीचा तंटा, हे सारे आमच्या मुलीने एकटीने निभावले. एका समारंभात चार लोकांत आम्ही अभिमानाने म्हणालो की, ही आमची मुलगी नव्हे, मुलगाच आहे. ती त्या वेळी काही बोलली नाही. घरी आल्यावर दोन दिवस आमच्याशी अबोला धरला. कारण आम्हांस तेव्हा कळले नव्हते. चरित्र पुन्हा वाचताना कळले. आपल्या वार्षिक मेळाव्यात बालगोपाळांच्या वेषस्पर्धेत दरवर्षी चारपाच झाशीच्या राण्या येतात, प्रत्येकीच्या पाठीला बाहुली असते. हाती खलिता घेऊन आलेली राणी आम्ही अजून पाहिलेली नाही. एखाद्या मातेने मनावर घेतल्यास पहिले पारितोषिक आमच्याकडून.

त्या विद्यार्थिनीच्या मुलाचे पुढे काय झाले, तेवढे सांगावयाचे राहिले. दामोदरराव काही निष्ठावंत माणसांबरोबर दोन वर्षे रानावनात हिंडले. पोटासाठी आईच्या हातचे सोन्याचे तोडे विकावे लागले. १८६० मध्ये ते इंदूरला इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि अल्पशा वेतनावर तेथेच राहिले. सरकारकडे असलेल्या आपल्या ठेव्यासाठी त्यांनी मागणी केली. २८ मे १९०६ रोजी इंदूरलाच ते वारले. मुंजीचा खर्च जाऊन उरलेली ती रक्कम त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही.